पांडांचे माहेर : चेंगडू

चीनच्या नैर्ऋत्य भागातील सिचुआन प्रांताची राजधानी चेंगडू. खवय्यांना हे शहर ठाऊक असते ते कोकणातील तिरफळाच्याच कुळातल्या, जिभेला झिणझिण्या आणणाऱ्या मसाल्यामुळे. जगातील बाकीचे लोक मात्र येथे येतात ते तिखटाशी काडीचाही संबंध नसलेल्या, दिवसभर बांबू चघळत बसणाऱ्या एका प्राण्यासाठी. शहराच्या मध्यापासून साधारण दहा किलोमीटरवर, उत्तरेकडील उपनगरात, जायंट पांडाच्या प्रजननाचे संशोधन केंद्र आहे. १९८७ साली ते उभे राहिले तेव्हा तेथे रानातून उपाशी, आजारी अवस्थेत उचलून आणलेले अवघे सहा पांडा होते. आज केंद्राची पांडासंख्या दोनशेच्या पुढे आहे. नवी जनावरे रानातून पकडून न आणता ही वाढ साधली, हा केंद्राचा मोठा अभिमानाचा विषय होय.

रानातला पांडा दिसणे ही जवळजवळ अशक्य कोटीतील गोष्ट मानली जाते. समुद्रसपाटीपासून दीड ते साडेतीन हजार मीटर उंचीवरची, बाराही महिने धुक्यात आणि ओलाव्यात बुडालेली, माणूस शिरू शकणार नाही इतकी दाट बांबूची बने हे त्याचे घर. प्राणी स्वभावाने एकलकोंडा, चाहूल लागताच दूर सरकणारा. त्याची गणती करणारे शास्त्रज्ञदेखील प्रत्यक्ष जनावर क्वचितच पाहतात. ते मोजतात ती त्याची विष्ठा. विष्ठेत सापडणाऱ्या बांबूच्या तुकड्यांची लांबी प्रत्येक पांडाच्या चाव्यानुसार वेगवेगळी असते. तीवरून आणि अलीकडे विष्ठेतून मिळणाऱ्या डीएनएवरून एक पांडा दुसऱ्यापासून वेगळा ओळखला जातो. अशा प्राण्याला चार-पाच मीटरवरून, निवांत, न्याहारी करताना पाहण्याची सोय चेंगडूने केली आहे. त्यामुळे या केंद्राला लोटणाऱ्या गर्दीचे आश्चर्य वाटू नये.

उसासारखा बांबू

केंद्राचे दरवाजे सकाळी लवकर उघडतात आणि पांडा पाहण्याची खरी वेळही तीच. रात्रीच्या विश्रांतीनंतर अंगणात सोडलेल्या जनावरांपुढे ताज्या बांबूच्या मोळ्या टाकलेल्या असतात. पाठ एखाद्या ओंडक्याला टेकवून, मागचे पाय ऐसपैस पसरून, पोटावर बांबूचे तुकडे घेऊन पांडा बसतो. एक कांडे उचलतो, तोंडात आडवे धरतो, वरची हिरवी साल दातांनी सोलून बाजूला टाकतो आणि आतला गर कडाकडा फोडून खातो. दातांनी ऊस सोलून खाणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला या बैठकीत काहीच अनोळखी वाटणार नाही. ही कडकड पहाटेच्या शांततेत बरीच दूरवर ऐकू येते. गर्दी वाढली की मग मात्र ती विरून जाते.

नीट पाहणाऱ्याला या वेळी त्याची बोटे दिसतात. पुढच्या पंजाला अस्वलासारखी पाच बोटे आहेतच. त्याशिवाय मनगटातील एक छोटे हाड वाढून सहाव्या बोटासारखे पुढे आले आहे. ते खरे बोट नव्हे, त्याला सांधे नाहीत. पण त्याच्या आणि पंजाच्या मध्ये बांबूचे कांडे चिमटीत धरावे तसे धरता येते. उत्क्रांती नवे अवयव मुळापासून घडवत नाही, जे हाताशी असेल त्यावरच काम भागवते, हे सांगण्यासाठी अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी याच अंगठ्याचे उदाहरण घेतले आणि तो अंगठा जगभर प्रसिद्ध झाला. युन्नान प्रांतात सापडलेल्या साठ ते सत्तर लाख वर्षांपूर्वीच्या एका पूर्वजाच्या अवशेषांतही हे जादा हाड आढळल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. गंमत म्हणजे त्या पूर्वजाचे हाड आजच्या पांडापेक्षा लांब होते. त्याच पंजावर चालायचेही असल्याने पुढे ते आखूड आणि आकड्यासारखे वाकडे झाले, असा संशोधकांचा कयास आहे.

या खटाटोपाची गरज पडली, कारण पांडाच्या आहाराचा आणि पोटाचा मेळच बसत नाही. तो अस्वलाच्या कुळातला. दात भक्कम, आतडे मांसाहारी प्राण्याचे, म्हणजे आखूड. गाईम्हशींसारखे रवंथ करण्याचे चार कप्पे नाहीत, घोड्यासारखे लांबलचक मोठे आतडेही नाही. खाल्लेल्या बांबूपैकी जेमतेम पाचवा हिस्सा अंगी लागतो. उरलेला, बराचसा हिरवाच, बाहेर पडतो. म्हणून दिवसाला बारा किलोपासून अडतीस किलोपर्यंत बांबू रिचवावा लागतो आणि त्यात दहा ते सोळा तास जातात. कोवळे कोंब, पाने आणि कांडी यांपैकी काय खायचे, हे तो ऋतूनुसार ठरवतो. मांसाची खमंग चव ओळखणारे जनुक पांडामध्ये केव्हाच निकामी झाल्याचे त्याच्या जनुकीय आराखड्याच्या अभ्यासातून उघड झाले आहे. मात्र मांस सोडल्यामुळे बांबू आवडू लागला की बांबूची सवय लागल्यामुळे मांसाची चव गेली, हा प्रश्न अजून चर्चेत आहे.

उत्पन्न कमी असेल तर खर्च आवरावा लागतो, हा संसाराचा नियम पांडाने मनापासून पाळलेला दिसतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तेवढ्याच आकाराच्या सस्तन प्राण्याला जितकी ऊर्जा लागावी, तिच्या केवळ ३८ टक्के ऊर्जा पांडा खर्च करतो असे दिसून आले. त्याचे काही अवयव तुलनेने लहान आहेत, कंठग्रंथीचे स्राव कमी आहेत, आणि हालचाल तर पाहणाऱ्याला दिसतेच. प्रेक्षक ज्याला आळस म्हणून हसतात, ती वास्तविक काटकसर आहे. केंद्रात बांबूच्या जोडीला मका, सोयाबीन, तांदूळ अशा धान्यांच्या पिठाची वाफवलेली, आपल्या ढोकळ्याच्या जातकुळीतली वडी आणि सफरचंद, गाजर यांचे तुकडे मिळतात. पारा २६ अंशांच्या आसपास गेला की जनावरांना वातानुकूलित खोल्यांत नेले जाते. मे ते ऑगस्टमध्ये दुपारी पोचणाऱ्या पर्यटकाला त्यामुळे काचेपलीकडची एक काळी-पांढरी पाठ तेवढी दिसते.

फुललेला बांबू आणि उपाशी पांडा

हे केंद्र मुळात निघाले कशासाठी, याचे उत्तर बांबूच्या एका विलक्षण सवयीत आहे. सह्याद्रीतील कारवी जशी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते आणि फुलून वाळते, तसेच बांबूचे. मात्र त्याचे चक्र जातीनुसार काही दशकांचे असते. डोंगरच्या डोंगर एका वेळी फुलतो, बी धरतो आणि मरतो. नवे रोप खाण्याजोगे होण्यास बरीच वर्षे जातात. १९७० च्या दशकाच्या मध्यास मिनशान पर्वतरांगेत असाच फुलोरा आला आणि त्यानंतर किमान १३८ पांडा मरून पडलेले आढळले. १९८३ मध्ये चिओंगलाई रांगेत पुन्हा बांबू फुलला, तेव्हा चीनमध्ये पांडा वाचवण्यासाठी वर्गण्या गोळा झाल्या, शोधपथके डोंगरांत फिरू लागली आणि अशक्त जनावरे खाली आणली गेली. चेंगडूच्या केंद्राचे पहिले सहा रहिवासी या धावपळीतून आलेले.

बांबू काही पहिल्यांदाच फुलत नव्हता. लाखो वर्षे तो फुलत आणि मरत आला आहे. पांडा तेव्हा दुसऱ्या उतारावर, दुसऱ्या जातीच्या बांबूकडे जात असे. विसाव्या शतकात त्या दोन उतारांच्या मध्ये रस्ते, शेते आणि लाकूडतोडीची मोकळी मैदाने आली. म्हणजे दुष्काळ निसर्गाचा असला तरी उपासमारीचा वाटा माणसाचा होता. सिचुआनमधील वोलोंग येथे १९८० च्या दशकात चिनी प्राणिशास्त्रज्ञ हू जिनचू यांच्यासमवेत काम केलेले अमेरिकी संशोधक जॉर्ज शॅलर यांनी पुढे याच मुद्द्यावर बोट ठेवले. वाचवण्याच्या नावाखाली धडधाकट जनावरेही पिंजऱ्यात आणली जात आहेत, बांबूपेक्षा शिकार आणि जंगलतोड हे मोठे संकट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. चीनने नैसर्गिक जंगलांतील व्यापारी लाकूडतोड थांबवली ती १९९८ साली, यांगत्से नदीच्या महापुरानंतर. हा निर्णय पांडांसाठी घेतलेला नव्हता. पण पांडांसाठी त्याहून हितकारक दुसरा निर्णय क्वचितच झाला असेल.

शंभर ग्रॅमचे पिल्लू

केंद्रातील सर्वांत गर्दीची जागा म्हणजे बाळंतघरे. त्यांची नावेही काव्यात्म आहेत : एक सूर्याचे, एक चंद्राचे. जुलै ते सप्टेंबर हा जन्मांचा हंगाम. काचेपलीकडे, उबदार पेटीत, कापडावर ठेवलेला गुलाबी, जवळजवळ केसविरहित, डोळे मिटलेला जीव पाहून हे पांडाचे पिल्लू आहे यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. जन्मतः त्याचे वजन शंभर ते दीडशे ग्रॅम भरते. किराणा दुकानातील लोण्याच्या लहान पाकिटाएवढे. आईच्या वजनाच्या सुमारे नऊशेवा भाग. सस्तन प्राण्यांत पिशवीवाले कांगारूसारखे प्राणी सोडले तर आई आणि पिल्लात एवढी तफावत फारशी आढळत नाही. आठ-पंधरा दिवसांत कातडीवर काळ्या भागांची छाया उमटू लागते, डोळे उघडायला दीड-दोन महिने लागतात.

इथवर पोचण्याची वाट मात्र बिकट होती. पांडाची मादी वर्षातून एकदाच, वसंतात, माजावर येते आणि गर्भधारणेची शक्यता असते ती एक ते तीन दिवस. रानात या काळात गंधखुणांवरून अनेक नर एका मादीभोवती जमतात, भांडतात आणि निवड होते. बंदिवासात शेजारच्या खोलीत ठेवलेल्या नराला काय करायचे हेच पुष्कळदा उमगत नसे, किंवा दोघांचे पटत नसे. बंदिवासातील पहिले पिल्लू बीजिंगच्या प्राणिसंग्रहालयात १९६३ साली जन्मले, कृत्रिम रेतनाचा पहिला यशस्वी प्रयोग तेथेच १९७८ मध्ये झाला. तरीही पुढची अनेक वर्षे जन्मलेली बरीचशी पिल्ले जगत नव्हती. मादीच्या लघवीतील संप्रेरके रोज तपासून नेमका दिवस गाठणे, गोठवलेले वीर्य वापरणे, आणि आईच्या दुधाला पर्याय तयार करणे या तीन गोष्टी जमल्या तेव्हा चित्र पालटले.

त्याहून मोठा फरक पडला तो एका साध्या युक्तीने. पांडाला निम्म्या वेळा जुळे होते, पण रानातली आई सहसा एकच पिल्लू वाढवते. दुसरे पडून राहते आणि मरते. दोन पिल्लांना पुरेल इतके दूध आणि शक्ती बांबूवर जगणाऱ्या आईकडे नसते. चिनी पालकांनी एक पिल्लू आईकडे आणि दुसरे उबदार पेटीत ठेवून त्यांची ठरावीक वेळाने अदलाबदल सुरू केली. आईला मधाचे पाणी वाटीतून चाटायला द्यायचे आणि ती त्यात गुंतली असता कुशीतले पिल्लू हलकेच काढून दुसरे ठेवायचे, अशी ही हातचलाखी. दोन्ही पिल्लांना आईचे दूध मिळते, आईची ऊबही मिळते, आणि आपण जुळ्यांची आई आहोत हे तिला बहुधा कळतही नाही. पहिल्या काही दिवसांत मादी खाण्यापिण्यासाठीही जागची हलत नाही, तान्ह्याला पंजात धरून बसून राहते. हे पाहिलेल्यांना या अदलाबदलीला लागणाऱ्या धीराची कल्पना येईल.

या यशाला दुसरी बाजूही आहे. पिल्ले लवकर आईपासून तोडून मादीला पुन्हा प्रजननास तयार करणे, वारंवार भूल देऊन रेतन करणे यांवर टीका होत आली आहे. कोणत्या नराचे कोणत्या मादीशी जुळवायचे, याची वंशावळ ठेवणारी पोथी आता काटेकोर आहे आणि बंदिवासातील पांडांमधली आनुवंशिक विविधता चांगली मानली जाते. जगभरातील बंदिवासातील पांडांची संख्या सातशेच्या पुढे गेली आहे. तेव्हा आणखी पिल्ले कशासाठी, हा प्रश्न आता रास्त ठरतो.

किती जवळ?

एके काळी चेंगडूला आणि सिचुआनमधील इतर काही केंद्रांत, ठरावीक देणगी भरल्यास पांडाचे पिल्लू मांडीवर घेऊन छायाचित्र काढता येत असे. अंगावर निळा डगला, हातांत मोजे, पिल्लाच्या हाती सफरचंदाची फोड किंवा मधात बुडवलेला बांबू, आणि काही सेकंदांत टिपलेले चित्र. चित्रपटतारे, राष्ट्रप्रमुखांच्या पत्नी, हौशी श्रीमंत अशा अनेकांच्या दिवाणखान्यात ही छायाचित्रे लागली. ‘जवळून पांडा पाहणे’ या शब्दांचा अर्थ बराच काळ हाच होता. आता ही पद्धत बंद झाली आहे आणि चीनच्या वन खात्याने अशा जवळिकीला मनाई केली आहे.

बंदीमागे केवळ सभ्यतेचा विचार नाही. शान्शी प्रांतातील एका बचाव केंद्रात २०१४ च्या अखेरीस कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपर या विषाणूचा शिरकाव झाला आणि काही आठवड्यांत पाच पांडा दगावले. बंदिस्त जागेत एकत्र राहणाऱ्या, संख्येने मोजक्या जनावरांत बाहेरचा एखादा रोग काय करू शकतो, हे त्या घटनेने दाखवले. रोज हजारो माणसे येतात त्या ठिकाणी माणूस आणि पांडा यांच्यामध्ये खंदक, भिंत किंवा काच असणे म्हणूनच गरजेचे आहे. संवर्धन केंद्राने पाहुण्याला दिलेली सर्वांत प्रामाणिक गोष्ट जर कोणती असेल, तर ती हे अंतरच होय. पांडाला हात न लावता परतावे लागले म्हणून हिरमुसणाऱ्यांनी एवढे ध्यानात घेतलेले बरे.

सर्वांच्या ते ध्यानात येतेच असे नाही. २०२४ च्या जूनमध्ये चेंगडूच्या केंद्राने बारा पर्यटकांना तहहयात प्रवेशबंदी केली. पांडांच्या अंगणात खाण्याचे पदार्थ आणि सिगारेटी फेकणे, थुंकणे असे त्यांचे प्रताप होते. दुसऱ्या टोकाला आंधळे प्रेम आहे. २०२० साली जन्मलेली ‘हुआ हुआ’ ही आखूड पायांची, गोलमटोल मादी चीनमध्ये एखाद्या नटीपेक्षा लोकप्रिय आहे. तिच्या अंगणापुढे तासन् तास रांग लागते आणि प्रत्येक तुकडीला काही मिनिटांचेच दर्शन मिळते. रखवालदार ध्वनिक्षेपक न वापरता पाट्या दाखवून शांत राहण्याचे आवाहन करतात. ज्यांना पांडा पाहायचा आहे, हुआ हुआच पाहायची नाही, त्यांनी ही रांग टाळून वरच्या अंगणांकडे वळणे शहाणपणाचे. तिथले पांडाही बांबूच खातात.

भूकंप, आणि परत रानाकडे

चेंगडूखेरीज आणखी एक मोठी संस्था पांडांसाठी काम करते. तिचे मूळ वोलोंगच्या राखीव जंगलात आहे. तेथील केंद्र १९८० च्या दशकात, जागतिक वन्यजीव निधीच्या सहकार्याने उभे राहिले. १२ मे २००८ रोजी सिचुआनला ८ रिश्टर तीव्रतेच्या भूकंपाने हादरवले, तेव्हा वोलोंग केंद्राला मोठा तडाखा बसला. दरडी कोसळल्या, अंगणे गाडली गेली, राखीव क्षेत्रातील कर्मचारी मृत्युमुखी पडले. ‘माओ माओ’ नावाची, पाच पिल्लांची आई असलेली मादी भिंतीखाली सापडून मेल्याचे जवळपास महिन्याने उघड झाले. उरलेल्या पांडांना याआनजवळच्या बिफेंगशिया केंद्रात आणि इतरत्र हलवण्यात आले. नंतर वोलोंगच्याच परिसरात शेनशूपिंग येथे नवे केंद्र बांधले गेले; ते २०१६ मध्ये खुले झाले. डोंगरांच्या कुशीत, ढगांच्या सोबतीने पांडा पाहायचा असेल आणि चेंगडूची गर्दी नको असेल, तर मोटारीने काही तासांचा प्रवास करून येथे जावे. दक्षिण कोरियात जन्मलेली आणि तेथे घराघरांत पोचलेली ‘फू बाओ’ ही मादी एप्रिल २०२४ मध्ये परतली ती याच केंद्रात.

परतली, कारण परदेशात जन्मलेल्या पिल्लांची मालकी चीनचीच असते. १९७२ साली अमेरिकी अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या बीजिंगभेटीनंतर वॉशिंग्टनला पाठवलेली जोडी ही भेट होती. १९८० च्या दशकापासून भेट बंद झाली आणि भाडे सुरू झाले. पुढे जोडीमागे वर्षाला दहा लाख डॉलरच्या घरात रक्कम, दहा वर्षांचा करार, आणि पिल्ले ठरावीक वयात माहेरी परत, अशी पद्धत पडली. मुत्सद्देगिरीसाठी इतका सोशिक दूत दुसरा मिळणे कठीण.

रानात परत पाठवण्याचा प्रयत्न त्या मानाने फारच अडखळत चालला आहे. ‘शियांग शियांग’ या नराला तीन वर्षांच्या तयारीनंतर २००६ मध्ये वोलोंगच्या जंगलात सोडण्यात आले. रानातल्या नरांशी झालेल्या मारामारीत तो जखमी झाला आणि पुढील वर्षी त्याचा मृतदेह बर्फात सापडला. माणसाच्या हाती वाढलेल्या पांडाला बांबू शोधता येतो, पण शेजाऱ्याशी वागायचे कसे हे येत नाही, हा धडा त्यातून मिळाला. त्यानंतर पिल्लाला आईसोबतच कुंपणातल्या जंगलात वाढवण्याची पद्धत आली. तपासणीसाठी आत जाणारे कर्मचारी पांडाची काळी-पांढरी झूल पांघरतात आणि तिला पांडाची लघवी-विष्ठा चोपडतात, जेणेकरून पिल्लाला माणसाचा वास आणि माणसाची सवय लागू नये. पाहणाऱ्याला हसू यावे असे हे सोंग. पण त्यामागचा विचार गंभीर आहे. याच पद्धतीने वाढलेला ‘ताओ ताओ’ २०१२ साली लिझीपिंगच्या जंगलात सोडला गेला आणि तगला. तेव्हापासून सोडलेल्या पांडांची संख्या मात्र डझनभराच्या आसपासच आहे.

सातशेच्या वर बंदिवासात आणि डझनभर रानात, हे प्रमाण केंद्रे पाहताना विसरता येत नाही. रानातील पांडा वाढले आहेत, हे खरे. १९८० च्या दशकातील गणतीत सुमारे ११०० असलेली त्यांची संख्या २०१५ मध्ये जाहीर झालेल्या चौथ्या गणतीत १८६४ भरली आणि २०१६ मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघाने त्यांना ‘संकटग्रस्त’ श्रेणीतून ‘असुरक्षित’ या एक पायरी सौम्य श्रेणीत आणले. पण या वाढीचे श्रेय बाळंतघरांना देता येत नाही. शिकारीवरचे कडक कायदे, थांबलेली लाकूडतोड, उतारावरची शेती सोडणाऱ्या शेतकऱ्यांना दिलेला मोबदला आणि साठाहून अधिक राखीव जंगले यांचे ते फळ आहे. तरीही हे पांडा सहा पर्वतरांगांत, ३३ तुकड्यांत विखुरलेले आहेत, आणि त्यांतील १८ तुकड्यांत दहाहूनही कमी जनावरे आहेत. एवढ्या थोड्या जनावरांचे कुटुंब चार-दोन पिढ्यांपलीकडे टिकवणे अवघड. सिचुआन, शान्शी आणि गान्सू या तीन प्रांतांतील जंगले जोडणारे सुमारे २२ हजार चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान २०२१ मध्ये जाहीर झाले, ते या तुकड्यांमधल्या वाटा मोकळ्या व्हाव्यात म्हणून.

पांडा वाचला की त्याच्या छत्रछायेखाली सारे जंगल वाचते, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. पक्षी आणि लहान प्राण्यांपुरते ते बरेचसे खरे ठरले. परंतु २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याला जोरदार छेद दिला. पांडांच्या राखीव जंगलांत १९६० च्या दशकापासून बिबट्याचा वावर ८१ टक्क्यांनी, लांडग्याचा ७७ टक्क्यांनी, हिमबिबट्याचा ३८ टक्क्यांनी आणि रानकुत्र्याचा ९५ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. हा रानकुत्रा म्हणजे ताडोबा-मेळघाटात दिसणारा आपला कोळसूनच. पांडाला लागते त्याच्या कितीतरी पट मोठे रान या शिकारी जनावरांना लागते. काळ्या-पांढऱ्या लाडक्याच्या मापाने बेतलेला अंगरखा त्यांना अपुरा पडला.

तांबडा भाऊबंद

चेंगडूच्या केंद्रात बहुतेकांच्या नजरेतून सुटणारा दुसरा पांडाही आहे : तांबडा. मांजराहून थोडा मोठा, झुपकेदार पट्टेरी शेपटीचा. त्याचे एक अंगण असे आहे की पर्यटकांची लाकडी पायवाट त्यातूनच जाते आणि हा प्राणी कधी कधी लोकांच्या पायांजवळून रुबाबात पलीकडे निघून जातो. नावावर पहिला हक्क खरे तर याचा. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेडेरिक क्युविए यांनी १८२५ मध्ये याला शास्त्रीय ओळख दिली तेव्हा ‘पांडा’ म्हणजे हाच. काळ्या-पांढऱ्या अस्वलाची वार्ता आर्मां दाविद या फ्रेंच धर्मोपदेशकामार्फत युरोपला पोचली ती १८६९ मध्ये, आणि बांबू खाण्याच्या साम्यामुळे धाकट्याचे नाव थोरल्याला मिळाले. प्रत्यक्षात दोघांची कुळे वेगळी आहेत. चिनी भाषेत थोरल्याला ‘मोठे अस्वल-मांजर’ म्हणतात.

तांबडा पांडा पाहण्यासाठी भारतीयांना चीन गाठण्याची आवश्यकता नाही. सिक्कीमचा तो राज्यप्राणी आहे आणि दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू हिमालयन प्राणिउद्यानात त्याच्या प्रजननाचा कार्यक्रम अनेक वर्षे सुरू आहे. तेथे जन्मलेल्या दोन माद्या २००३ मध्ये सिंगालीलाच्या जंगलात सोडण्यात आल्या होत्या. थोरल्यासाठी मात्र सिचुआनच गाठावे लागते. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ सोयीचा. हवा थंड असल्याने पांडा दिवसाही बाहेर आणि जागे असतात. तिकीट पारपत्राच्या क्रमांकावर आधी नोंदवावे लागते, चिनी सुट्ट्यांच्या दिवसांत ते मिळणे कठीण जाते. शहरातून भुयारी रेल्वेने ‘पांडा मार्ग’ स्थानकापर्यंत आणि पुढे बसने जाता येते. प्रकाशझोत टाकून छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. केंद्राचा परिसर मोठा आणि चढउताराचा असल्याने पायांत चांगले बूट असावेत. आणि सकाळी नऊच्या आत पोचलेल्याला बांबू फोडण्याची ती कडकड ऐकू येण्याची शक्यता अधिक.